स्कीमचं पाणी

करवीर, राधानगरी, कागल, पन्हाळा या पट्ट्यात सोयरीक जमवताना मुलीकडची मंडळी शेताची चौकशी करतात. "रान किती?" याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "कुठल्या स्कीमखाली हाय?" त्याला नीट उत्तर मिळालं की पुढची बोलणी होतात. "स्कीम न्हाई, हिरीवर भागवतो" असं म्हटलं की पाहुणे एकमेकांकडे बघतात आणि विषय बदलतात. हा प्रश्न मी माझ्या बहिणींच्या वेळी ऐकला आणि परवा भाचीच्या वेळीही ऐकला.

इथे स्कीम म्हणजे मंत्रालयातून निघालेली योजना नव्हे. नदीकाठची जॅकवेल, तिच्यावरच्या मोटारी, तिथून माळापर्यंत चढवलेली पाइपलाइन, तिच्या टोकाचं चेंबर, चेंबरातून फुटणारे पाट आणि या सगळ्याचे मालक असलेले गावातले सभासद, एवढ्या सगळ्याला मिळून आम्ही स्कीम म्हणतो. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक असतं. ग्रामदैवताच्या नावानं सुरू होतं आणि 'सहकारी पाणीपुरवठा संस्था मर्यादित' इथे संपतं. ते नाव पाटीवर, शिक्क्यावर आणि ऑडिटच्या अहवालात. माणसांच्या तोंडात स्कीमच. स्कीमचं पाणी, स्कीमचा पाटकरी, स्कीमची पट्टी, स्कीमची निवडणूक.

भोगावतीच्या काठावरच्या अशाच एका संस्थेत मी क्लार्क म्हणून लागलो आणि सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालो. उभं आयुष्य ज्या शब्दावर पोट भरलं, तो शब्द मुळात कुठला आणि आमच्या रानात कसा आला, हे शोधण्याची गोडी निवृत्तीनंतर लागली. शोधत गेलो तसं लक्षात आलं, की हा शब्द कोल्हापुरात जितका घट्ट झाला तितका क्वचितच कुठे झाला असेल, आणि त्याचं कारण भाषेत नाही, आमच्या नदीच्या इतिहासात आहे.

इंग्रजीत हा शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला. ग्रीक 'स्खेमा' म्हणजे आकार, ठेवण, आकृती. ज्या क्रियापदापासून तो बनला त्याचा अर्थ धरणं, बाळगणं. सोळाव्या शतकात इंग्रजी पंडित तो वापरत ते भाषेतल्या अलंकारांसाठी. सतराव्या शतकात ज्योतिषी ग्रहांच्या मांडणीच्या आकृतीला स्कीम म्हणत, म्हणजे आपल्याकडची कुंडली. आकृतीवरून आराखडा, आराखड्यावरून बेत, असा अर्थ सरकत गेला. बेत म्हटला की तो चांगला असतो तसा वाईटही असतो. १७२० साली लंडनमध्ये साउथ सी कंपनीच्या शेअर्सचा फुगा फुटला आणि हजारो घरं बुडाली. त्या अठराव्या शतकात या शब्दाला लबाडीचा वास लागला तो आजपर्यंत गेलेला नाही. अमेरिकेत आजही 'स्कीम' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी कटकारस्थान येतं.

हिंदुस्थानात मात्र तो बाजारातून न येता कचेरीतून आला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी देश पोळला होता. १९०१ साली लॉर्ड कर्झनच्या सरकारनं सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली इरिगेशन कमिशन नेमलं. कुठल्या नदीवर काय बांधता येईल, खर्च किती, परतावा किती, अशा तपशिलाच्या फायली प्रांतोप्रांती तयार होऊ लागल्या. पाण्याच्या संदर्भात स्कीम हा शब्द आपल्याकडे रुळला तो अशा कागदांमधून. त्याला सरकारी वजन होतं, आणि सामान्य शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

कोल्हापूर संस्थानातही तेच दुष्काळ पडले होते आणि त्यांच्या जोडीला प्लेग. शाहू महाराजांना राज्याधिकार मिळून दोन-तीनच वर्षं झाली होती. १९०२ हे साल आपल्याला माहीत असतं ते २६ जुलैच्या आदेशामुळे, ज्यानं संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्याच वर्षी महाराजांनी संस्थानचं पाटबंधारे धोरण ठरवलं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. पाण्यासाठी वेगळं खातं, वेगळा इरिगेशन ऑफिसर, असलेल्या विहिरी-तळ्यांची पाहणी आणि नव्या साठ्यांचा शोध असं ते काम होतं. नोकरीतला वाटा आणि पाण्यातला वाटा यांचा विचार एकाच राजानं एकाच वर्षी केला, हे मला फार मोठं वाटतं. पहिल्याचा आपण उत्सव करतो, तसा दुसऱ्याचाही करायला हवा.

या धोरणातून उभं राहिलं राधानगरीचं धरण. फेजिवड्याजवळ भोगावती अडवायची, सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस साठवायचा आणि उन्हाळ्यात खाली सोडायचा. महाराजांच्या कन्या राधाबाई अक्कासाहेब यांचं लग्न १९०८ साली देवासच्या घराण्यात झालं. त्यांच्या नावावरून तिथल्या वसाहतीचं नाव राधानगरी पडलं, आणि जलाशयाला महाराणींच्या नावावरून लक्ष्मी तलाव म्हणतात. बांधकाम दगड-चुन्याचं. एका छोट्या संस्थानानं हा डोलारा स्वतःच्या तिजोरीतून उचलला होता. पहिलं महायुद्ध आलं, महागाई वाढली आणि १९१८ साली काम अर्धवट थांबलं. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. पुरं झालेलं धरण त्यांनी पाहिलं नाही. त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस काम पुन्हा हाती घेतलं गेलं. मग दुसरं महायुद्ध, मग १ मार्च १९४९ ला संस्थानाचं मुंबई राज्यात विलीनीकरण, आणि अखेर १९५०च्या दशकात धरण पूर्णत्वाला गेलं. आज त्यात सव्वाआठ टीएमसीहून थोडं जास्त पाणी मावतं. उजनी-कोयनेपुढे हा आकडा लहान आहे, पण भोगावतीचं आणि पुढे पंचगंगेचं खोरं त्यावर हिरवं आहे.

आता या कहाणीतली कळीची गोष्ट. राधानगरी धरणाला कालवे नाहीत.

बाहेरगावच्या माणसाला हे पटत नाही. धरण म्हटलं की डावा कालवा, उजवा कालवा, चाऱ्या, पोटचाऱ्या हे चित्र डोळ्यांसमोर येतं. नीरेवर, प्रवरेवर, गोदावरीवर तसंच झालं. तिथे पाणी सरकारी कालव्यातून येतं, सरकारी माणूस दार उघडतो आणि सरकारी माणूसच बंद करतो. आमच्याकडची जमीन तशी नाही. भोगावतीचं खोरं चिंचोळं, नदी खोल, दोन्ही अंगांना चढत गेलेली रानं आणि त्यांच्यावर मुरमाड माळ. इथे नदीलाच कालवा मानलं गेलं. धरणातून पाणी नदीत सोडायचं, नदीत ठिकठिकाणी अडवून धरायचं, आणि ज्याला हवं त्यानं ते उचलून आपल्या रानात न्यायचं. म्हणजे पाणी नदीपर्यंत आणणं राज्याचं काम आणि नदीतून रानापर्यंत नेणं लोकांचं काम. ही विभागणी ज्या दिवशी झाली त्या दिवशी आमच्या स्कीमचा पाया पडला.

नदीत पाणी अडवण्याची जी तऱ्हा इथे घडली, तिला आज सगळ्या महाराष्ट्रात 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. पाटबंधारे खात्याच्या कागदात ते 'को.प. बंधारा' असं लिहितात. लातूरकडे मांजरेवर बंधारे झाले तेही याच नावानं. बंधारा म्हणजे पात्रात ओळीनं उभे केलेले भक्कम खांब. प्रत्येक खांबाच्या अंगात उभ्या खाचा. पावसाळा सरून नदी निवळली, की त्या खाचांतून बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, खाली सोडायचे, एकावर एक, पाण्याच्या पातळीपर्यंत. माझ्या लहानपणी बरगे लाकडी असत. त्यांच्या दोन रांगा लावायच्या आणि मधल्या पोकळीत चिकणमाती ठासून भरायची. नदीच्या गार, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून माणसं हे काम करत. पायानं माती दाबत, कुठे झिरपतंय का ते हातानं चाचपत. काठावरून एखादा म्हातारा ओरडायचा, "त्या तिसऱ्या गाळ्यात बघा, बुडबुडं निघाय लागल्यात!" चार दिवसांत पाणी फुगायचं आणि मागे दोन-तीन गावांपर्यंत नदी भरून उभी राहायची. उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या आधी, हेच बरगे काढून काठावर रचून ठेवायचे. पुराला वाट मोकळी, आणि बंधाऱ्यामागे साठलेला गाळही वाहून जातो. आज बरगे लोखंडी आहेत, बाकी काम तेच. खांबांवरच्या स्लॅबवरून गाडीवाट गेलेली असते, त्यामुळे बंधारा गावांना जोडणारा पूलही होतो. पावसाळ्यात "राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे बंधारे पाण्याखाली" अशी बातमी येते, ती याच बंधाऱ्यांची.

पुराशी भांडायचं नाही आणि उन्हाळ्याला सोडायचं नाही, असा हा बंधारा आहे. माझ्या मते कोल्हापूरनं महाराष्ट्राला दिलेल्या चार मोठ्या गोष्टींत त्याची गणना व्हायला हवी. चप्पल, गूळ आणि कुस्ती यांचं नाव निघतं तसं बंधाऱ्याचंही निघायला हवं.

नदी भरून उभी राहिली तरी पाणी वर कसं न्यायचं हा प्रश्न होताच. काठालगतच्या मळ्यांना मोट पुरायची. मग ऑइल इंजिनं आली. किर्लोस्करवाडीचे पंप, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी दुरुस्त करून पुन्हा पुन्हा चालवलेली इंजिनं, यांची फटफट नदीकाठी ऐकू येऊ लागली. पण इंजिन घेणार तो ऐपतीचा शेतकरी. तो शेजाऱ्याला पाणी द्यायचा आणि मोबदल्यात उसातला ठरलेला वाटा घ्यायचा. आमच्या आबांनी काही वर्षं असा वाटा दिला. त्याबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत. "पानी देत हुता, म्हणून ऊस तरी बघितला," म्हणायचे. पण माळावरच्या लोकांना तेही नशिबी नव्हतं. तिथवर पाणी चढवणं कुणा एकट्याच्या इंजिनाचं काम नव्हतं.

वीज आली आणि चित्र पालटलं. पाच-दहा गुंठेवाल्यापासून पाच-दहा एकरवाल्यापर्यंत सगळे एकत्र आले, क्षेत्राच्या प्रमाणात शेअर भरले, बँकेचं कर्ज काढलं आणि आपली स्वतःची मोटार नदीवर बसवली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०चा होता. कर्जाला जिल्हा बँक आणि भूविकास बँक होती. परतफेडीची काळजी साखर कारखान्यांनी हलकी केली, कारण पाणीपट्टी आणि हप्ता उसाच्या बिलातून परस्पर कापून घेता येत असे. भोगावती, कुंभी-कासारी, बिद्री या कारखान्यांचा उदय आणि काठाकाठानं उभ्या राहिलेल्या पाणीसंस्था ही एकमेकांना धरून वाढलेली गोष्ट आहे. धरण, बंधारा, वीज, बँक, कारखाना, यातला एक जरी दुवा नसता तरी माळावर पाणी चढलं नसतं.

आमच्या संस्थेच्या दप्तरात पहिला नकाशा अजून आहे. अमोनिया प्रिंटचा, निळसर रेषांचा, घडीवर फाटलेला. त्यावर नदी, जॅकवेल, पाइपची वाट आणि गट नंबर काढलेत. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत गावाचं नाव आणि त्यापुढे 'लिफ्ट इरिगेशन स्कीम' असं लिहिलंय. ओव्हरसिअरनं हा नकाशा देवळाच्या ओवरीत पसरला तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो आणि माणसांच्या पायांमधून डोकं घालून बघत होतो. लोक गट नंबर शोधत होते. बोट रेषेवरून फिरवत "ह्यो आपला ओढा, म्हंजे हितं आपलं रान" असं लावत होते. नावातला पहिला भाग कुणाच्या जिभेवर बसेना. शेवटचा बसला. आमच्या गावात स्कीम हा शब्द त्या दिवसापासून आहे. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी इंग्रजीत तो कागदावरच्या आकृतीला लावत, तसा इथेही तो आधी कागदावरची आकृती म्हणून आला. पुढे चर खणले गेले, पाइप पुरले गेले, आणि शब्द कागदावरून उठून जमिनीत गेला.

ते सोपं नव्हतं. पाइपची वाट कुणाच्या बांधावरून जायची यावरून भाऊबंद एकमेकांशी बोलेनासे झाले. आबांनी शेअरचे पैसे दुभती म्हैस विकून भरले आणि आई त्यावरून कितीतरी दिवस धुमसत होती. पहिल्यांदा मोटार चालू केली त्या दिवशी सगळं गाव माळावर चेंबरापाशी जमलं होतं. आधी पाइपातून नुसती हवा आली, मग लाल गढूळ पाणी, आणि मग धो धो स्वच्छ धार. बायकांनी हळदकुंकू वाहिलं. आई पुढे झाली आणि ओंजळभर पाणी तोंडावर मारून घेतलं. म्हशीचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

पण मोटार बसवली म्हणजे स्कीम झाली असं नाही. खरी स्कीम पाळीत असते. कुणाला, कधी, किती वेळ पाणी, हे ठरवून लिहून ठेवणं आणि लिहिल्याप्रमाणे वागणं. सरकारी कालव्यांवर शेजपाळी असते, शेवटच्या शेतापासून सुरुवात करून मुखाकडे यायचं, म्हणजे टोकाचा माणूस उपाशी राहत नाही. आमच्या संस्थेनं तेच तत्त्व घेतलं. माझ्या टेबलावरचं सगळ्यांत महत्त्वाचं पुस्तक म्हणजे पाळी रजिस्टर. लांबट, लाल कापडी पाठीचं. रकाने असे: सभासदाचं नाव, गट नंबर, क्षेत्र गुंठ्यात, पीक, पाणी चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची सही, सभासदाची सही किंवा अंगठा. मधेच लाईट गेली तर गेल्याची आणि आल्याची वेळ लाल शाईनं. पुष्कळ पानांवर चिखलाची बोटं उमटलेली आहेत, कारण पाटकरी थेट रानातून यायचा.

त्या रजिस्टरमागे प्रोसिडिंग बुक असायचं आणि त्यात ठराव. माझ्या आधीच्या सेक्रेटरींच्या वळणदार अक्षरातला एक जुना ठराव मला पाठ आहे. त्याचा आशय असा, की कुणाच्या घरी मयत झालं आणि त्याच दिवशी त्याची पाळी असेल, तर पुढच्या सभासदानं पाणी घ्यावं आणि मयताच्या घरची पाळी सुतक फिटल्यावर लगेच द्यावी, तिच्यासाठी अर्ज मागू नये. कुठल्याही कायद्यात हे सापडणार नाही. माणसं एका पाण्यावर जगायला लागली तेव्हा त्यांना हे सुचलं.

रजिस्टरवर नावं मात्र बहुतेक पुरुषांची. सातबारा त्यांच्या नावे, म्हणून सभासदत्वही त्यांचं. पण रात्रीच्या पाळीला दारं कुणी धरली हे विचारलं, तर निम्म्या घरांत उत्तर बाईचं नाव असेल. कडाक्याच्या थंडीत, हातात बॅटरी, पदर खोचलेला, सरीला पाणी लागलं की माती ओढून दार बंद करायचं आणि पुढचं मोडायचं. स्कीमच्या इतिहासात त्यांची सही कुठेच नाही. ही त्रुटी आहे, आणि ती लिहून ठेवली पाहिजे.

बेत या अर्थाचा शब्द एखाद्या ठिकाणी बेत न राहता थेट वस्तूचंच नाव होऊन बसतो, असं इतरत्रही झालेलं आहे. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं नंबर घालून स्कीमा काढल्या. दादर-माटुंग्याकडच्या वस्त्या अशाच उभ्या राहिल्या आणि तिथली माणसं 'स्कीम नंबर पाच' असं पत्त्यात लिहू लागली. १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यानं टी.पी. स्कीम हा शब्द शहराशहरांत नेला. तिकडे स्कॉटलंडमध्ये नगरपालिकांनी कामगारांसाठी बांधलेल्या घरांच्या वसाहतींना लोक नुसतं 'स्कीम' म्हणतात आणि त्यात राहणाऱ्यांना हिणवण्यासाठी त्यावरूनच बनलेला शब्द वापरला जातो. या दोन्ही ठिकाणी स्कीम वरून आली. कुणीतरी आखली, कुणीतरी बांधली, माणसं त्यात राहायला गेली. आमच्याकडे ती खालून उभी राहिली, आणि कोल्हापुरात 'आमची स्कीम' असं म्हणणारा माणूस तिचा शेअरहोल्डर असतो, वार्षिक सभेत उभा राहून हिशेब मागू शकतो. एवढा मोठा फरक एका शब्दाच्या पोटात आहे.

लबाडीचा अर्थही आमच्यापासून लांब नाही. दामदुपटीची, साखळीची, बक्षिसांची 'स्कीम' घेऊन येणारे एजंट खेड्यापाड्यांत येतात आणि उसाचं बिल जमा झालं की त्यांच्या फेऱ्या वाढतात. १९७८ साली केंद्र सरकारनं बक्षीस चिट आणि पैसे फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच्या इंग्रजी नावात 'स्कीम्स' हाच शब्द आहे. आमच्या गावात अशा एका प्रकरणात पैसे गमावलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांतले काही म्हणाले, की शब्दावर विश्वास बसला. गावाला पाणी देणाऱ्या गोष्टीचं नाव ज्या धंद्याला लागलंय तो बुडवेल कसा, असं त्यांना वाटलं. तेव्हापासून मी तरुण पोरांना सांगत आलो, की कुठलीही स्कीम असो, तिचं रजिस्टर बघायला मागा. जी दाखवते ती खरी.

आता अडचणींबद्दल. पाणी मिळालं तसं ते जास्तही झालं. शिरोळ तालुक्यात हजारो एकर जमीन क्षारपड झाली, पांढरी पडली, कारण उसाला पाटानं मोकाट पाणी देण्याची सवय. ऊस सोडून दुसरं पीक स्कीमच्या हिशेबात बसेनासं झालं, हाही तोटाच. उन्हाळा कडक गेला की पाटबंधारे खातं उपसाबंदी जाहीर करतं. कुठल्या बंधाऱ्यापासून कुठल्या बंधाऱ्यापर्यंत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोटारी बंद, याचं पत्रक येतं. ते वाचताना मला नेहमी वाटायचं, की गावानं सभासदांत केलेली पाळी आता गावागावांत करावी लागतेय. तत्त्व एकच, टोकाच्या माणसापर्यंत पाणी पोचलं पाहिजे. आणि ज्या गावांनी उपसाबंदी मनापासून पाळली त्या गावांतल्या पाणीसंस्था आतूनही नीट चालल्या, हे मी पाहिलेलं आहे.

मग पूर. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. आमची जॅकवेल, स्टार्टर, पॅनेल बोर्ड, सगळं पाण्याखाली. मोटारी आम्ही आधी वर ओढल्या होत्या, पण जिथे ओढून ठेवल्या तिथेही पाणी आलं. पाणी ओसरल्यावर गाळात रुतलेल्या मोटारी ट्रॉलीत घालून उद्यमनगरला नेल्या. तिथे वाइंडिंगवाल्यांच्या दारात नदीकाठच्या कितीतरी गावांच्या मोटारी रांगेत पडलेल्या. २०२१ साली पुन्हा तेच. दोन्ही वेळा संस्थेची तिजोरी रिकामी झाली आणि दोन्ही वेळा सभासदांनी जादा पट्टी भरून स्कीम चालू केली.

मात्र त्यानंतर गळती लागली आहे. ज्यांना परवडतं ते स्वतःची मोटार, स्वतःची पाइप टाकून मोकळे होतात. पाळीची वाट बघायला नको, सभेला जायला नको. त्यांची बाजू मला कळते. पण दहा मोठे सभासद बाहेर पडले की उरलेल्या अल्पभूधारकांवर विजेचं बिल आणि दुरुस्ती पडते, पट्टी वाढते, आणि माळावरचा दहा गुंठेवाला पुन्हा तिथेच येतो जिथे माझे आबा इंजिनवाल्याच्या दारात उभे होते. एकट्याची मोटार म्हणजे स्कीम नव्हे. स्कीम या शब्दात कुणीतरी कुणासाठी तरी थांबणं आहे. ठिबक करा, मीटर बसवा, मोटारी मोबाईलवरून चालवा, सौर पॅनेल लावा, सगळं करा, पण एकत्र करा, असं माझं ठाम मत आहे.

आणि एक विनंती. कितीतरी संस्था गुंडाळल्या जात आहेत, कार्यालयांच्या खोल्या भाड्यानं दिल्या जात आहेत, आणि जुनी दप्तरं रद्दीत चालली आहेत. त्यात पाळी रजिस्टरं आहेत, प्रोसिडिंग बुकं आहेत, निळे नकाशे आहेत, कर्जाची खाती आहेत. शाहू महाराजांच्या काळातले कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारानं जपले म्हणून त्यांच्या पाटबंधारे धोरणाबद्दल आज आपण काही सांगू शकतो. त्या धोरणाचं पुढे गावागावांत काय झालं, हे सांगणारे कागद मात्र आपल्या माळ्यांवर उंदरांच्या तोंडी आहेत. तुमच्या गावात पाणीसंस्था असेल किंवा पूर्वी होऊन गेली असेल, तर सेक्रेटरीकडे जा, दप्तर कुठे आहे विचारा. ठेवायला जागा नसेल तर शिवाजी विद्यापीठात किंवा पुराभिलेखागारात घेतात का ते विचारा. निदान प्रोसिडिंग बुकाच्या पानांचे मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवा. आणि ज्या म्हाताऱ्यांनी बरगे घातले, ज्या बायकांनी रात्रीची दारं धरली, त्यांच्यापाशी बसून त्यांची नावं आणि सालं लिहून घ्या. हे काम यंदाच्या पावसाळ्याआधी करा.